दमाचा हिशेब

जळकोट म्हटले की बहुतेकांना लातूर जिल्ह्यातले, तालुक्याचे जळकोट आठवते. आमचे ते नव्हे. आमचे जळकोट धाराशिव जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातले. सोलापूरहून हैदराबादकडे निघालात आणि नळदुर्गचा किल्ला मागे टाकलात, की थोड्याच वेळाने महामार्गाच्या कडेला लागणारे. एसटीतल्या प्रवाशाला तोवर बहुधा डुलकी लागलेली असते, त्यामुळे गावाची कीर्ती फार दूर गेलेली नाही. परंतु पहाटे पाचच्या सुमारास कुणी खिडकीबाहेर डोकावण्याची तसदी घेतलीच, तर त्याला एक गंमत दिसेल. रस्त्याच्या कडेने अंधारात पोरे पळत असतात. कुणी एकटा, कुणी जोडीने. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. मालमोटारीचा झोत अंगावर आला की क्षणभर उजळतात आणि पुन्हा काळोखात दिसेनाशी होतात.

आमच्याकडे कुणी 'धावत' नाही, 'पळतो'. आणि ही पोरे पळतात ती भरतीसाठी. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. सैन्यात जायचे तर एक मैल साडेपाच मिनिटांच्या आत काढला म्हणजे पूर्ण गुण. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले, तेव्हापासून पळणाऱ्यांत भरच पडली आहे. शेताने दगा दिला की माणूस पायांवर विसंबतो.

अलीकडे या पोरांच्या जोडीला आणखी एक वर्ग रस्त्यावर दिसू लागला आहे. चाळिशी ओलांडलेले डॉक्टर, बँकेतले अधिकारी, शाळामास्तर, क्वचित एखादा बागायतदार. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन २०१२ साली. त्या वेडाची लागण आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. या मंडळींच्या पायात आठ-दहा हजारांचे बूट असतात आणि मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ. सहाच्या सुमारास दोन्ही फौजा चहाच्या टपरीवर एकत्र येतात. एकाला पोट उतरवायचे असते, दुसऱ्याला पोट भरायचे असते. घाम मात्र दोघांचा सारखाच खारट.

पळणे प्रकृतीला चांगले की वाईट, असे मला पुष्कळजण विचारतात. मी मराठीचा मास्तर. मला हे का विचारतात कोण जाणे. बहुधा पहाटे फिरायला जातो म्हणून. मी उलट विचारतो, "पळून झाल्यावर उरलेल्या बावीस तासांत तुम्ही काय करता?" या प्रश्नाला टपरीवरच्या दोन फौजांची उत्तरे अगदी उलटी येतात; आणि त्यांना सल्ला मात्र एकच, एकाच मोबाईलमधून, मिळत असतो.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. नाव सांगत नाही. सांगून तरी काय, प्रत्येक वर्गात तो असतोच. शेवटच्या बाकावर बसतो आणि दुसऱ्या तासाला झोपतो. तो आळशी नाही हे मला त्याच्या पोटऱ्यांवरून कळले होते. एके दिवशी तो लंगडत आला. नडगीच्या पुढच्या भागात, बोट ठेवावे अशा एकाच जागी दुखत होते. पळताना दुखे, पुढेपुढे जिना चढतानाही दुखू लागले. कुणी हळद लावली, कुणी मीठपाण्याने शेकले. महिनाभर तो दुखत्या पायाने पळतच राहिला. भरती तीन महिन्यांवर आली होती.

मी त्याला त्याचा दिवस लिहून आणायला सांगितले. निबंधाच्या वहीतच लिहून आणला त्याने. पहाटे चारला उठणे, पाच ते साडेसहा पळणे, त्यात अर्धे पळणे जीव तोडून, कारण मोबाईलमधले कुणीतरी तसे सांगते, मग दोन म्हशींचे शेण-वैरण-धारा, मग कॉलेज, दुपारी शेतात खुरपणी किंवा फवारणी, संध्याकाळी पुन्हा मैदान, उठाबशा आणि गोळाफेक, रात्री लेखी परीक्षेचा अभ्यास. आणि ज्या आठवड्यात शेतीपंपाला रात्रीची वीज असेल त्या आठवड्यात रात्री उसाला दारे धरणे. झोपेसमोर त्याने लिहिले होते: 'जमेल तशी'. खाण्यासमोर लिहिले होते: सकाळी चहा-बटर, दुपारी दोन भाकरी व कोरड्यास, रात्री दोन भाकरी, शिवाय 'खुराक' म्हणून रोज एक कच्चे अंडे. हे कच्चे अंडे तालमीतून चालत आलेले आहे. उकडलेल्या अंड्यातले सत्त्व शरीराला कच्च्यापेक्षा जास्त लागू पडते, हे सांगूनही त्याला पटले नाही. उकडलेले अंडे पाहुण्यांचे, कच्चे पहिलवानाचे, असा काहीसा त्याचा समज.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले की हाडाला केसाएवढी चीर गेली आहे. असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. पळण्याने हाडावर ताण येतो आणि त्यात बारीक बारीक इजा होतात. शरीर त्या भरून काढते आणि हाड पूर्वीपेक्षा बळकट करते. पण हे गवंडीकाम चालते ते विश्रांतीत. श्वास आणि स्नायू थोड्या आठवड्यांत तयार होतात, हाडाला महिने लागतात. म्हणून दम वाढला असे वाटून मुलगा अंतर वाढवतो आणि हाड मागे राहते. त्यात पोटात अन्न कमी आणि झोप चार तास. म्हणजे विटाही नाहीत आणि गवंडीही नाही. सहा ते आठ आठवडे पळणे बंद, असा डॉक्टरांचा हुकूम झाला. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले ते दुखण्याने नव्हे.

या ठिकाणी माझ्या विषयातले दोन शब्द बोलतो. मराठीत 'दम' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. फारसीतला दम म्हणजे श्वास; संस्कृतातला दम म्हणजे स्वतःला आवरणे. दोघे मराठीत येऊन एकमेकांत असे मिसळले की आता कोण कुठला ते ओळखू येत नाही. दम लागतो, दम तुटतो, दम धरावा लागतो. आईबाप दम देतात. पण मला सगळ्यांत आवडतो तो 'दम खाणे' हा प्रयोग. पुस्तकात माणूस विश्रांती घेतो. बोलण्यात तो दम खातो, भाकरी खावी तसा. शेतात राबणाऱ्या लोकांनी घडवलेली ही भाषा आहे, आणि विसावा हा पोटात जाणारा पदार्थ आहे हे तिला ठाऊक होते. आमच्या पोरांना दम काढणे शिकवायला शेकडो उस्ताद आहेत. दम खायला कुणी शिकवत नाही.

टपरीवरच्या दुसऱ्या फौजेची गोष्ट निराळी. पुण्यात माझे एक स्नेही आहेत. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमध्ये 'कॉम्रेड्स' नावाची सुमारे नव्वद किलोमीटरांची शर्यत १९२१ पासून चालत आली आहे. ती पळण्याचा त्यांनी ध्यास घेतला. वर्षभर त्यांचा रविवार म्हणजे पहाटे तीनला सुरू होऊन सकाळी दहाला संपणारा दिवस. त्यानंतर ते जेवत आणि झोपत. लग्नकार्यात रात्रीचे जेवण वर्ज्य, कारण उद्या पळायचे. वहिनी मला म्हणाल्या, "आमच्याकडे रविवारी एक पाहुणे येतात. फार बोलत नाहीत. खातात आणि घोरतात." सोमवार ते शुक्रवार ते रोज दहा तास खुर्चीत असतात. म्हणजे आठवड्याची सगळी हालचाल दोन-तीन पहाटांत कोंबलेली, आणि बाकीचा देह गोदामात ठेवल्यासारखा.

अशा माणसांसाठी मला १९५३ सालच्या एका संशोधनाची आठवण द्यावीशी वाटते. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी हा अभ्यास केला. चालक दिवसभर बसलेला. कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे फाडणारा. पगार, वस्ती, अन्न जवळपास सारखे. तरी हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला. आता हा कंडक्टर काही कसल्या शर्यतीची तयारी करीत नव्हता. त्याचा व्यायाम त्याच्या दिवसात विरघळलेला होता. शहरातल्या धावपटूने दोन तास पळून मिळवलेले पुण्य बाकीच्या दहा तासांच्या बैठकीत किती उरते, हे त्याने आपल्या घड्याळाला विचारावे.

पळता पळता हृदय बंद पडते, ही भीती मात्र लोकांनी फाजील वाढवून ठेवली आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख लोकांचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांत ५९ जणांचे हृदय शर्यतीत थांबले आणि ४२ दगावले. म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांत एकाला हा प्रसंग. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्यांचा असा हिशेब कुणी ठेवलेला नाही, नाहीतर तोही पाहता आला असता. परंतु पळण्याने जुने दुखणे धुऊन निघते, ही समजूतही तितकीच खोटी. जिम फिक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९७७ साली पळण्यावर पुस्तक लिहून अर्ध्या अमेरिकेला रस्त्यावर आणले. एके काळी तो स्थूल होता, सिगारेट ओढीत असे. वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेलेले. १९८४ साली, बावन्नाव्या वर्षी, पळत असतानाच तो गेला. रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. चाळिशीत पळायला लागणाऱ्याने बुटांच्या दुकानाआधी दवाखान्याची पायरी चढावी, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या पोरांचा धोका वेगळा. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या धावेत काही तरुण उमेदवार मृत्युमुखी पडले. पंचविशीच्या आतबाहेरची ही मुले. त्यांना कसले जुने दुखणे? भरतीला गावाकडून येणारे पोर रात्रभर गाडीत उभे असते, फलाटावर नाहीतर पदपथावर पाठ टेकते, वडापाव खाते आणि मुंबईच्या दमट उन्हात पळायला उभे राहते. त्या घटनेनंतर अंतर कमी झाले आणि पुढे ते १६०० मीटरवर आले. हे चांगलेच झाले. पण अंतर हा हिशेबातला एकच आकडा होता. आधीची रात्र, रिकामे पोट आणि डोक्यावरचे ऊन हे बाकीचे आकडे अजून तसेच आहेत.

शेतकऱ्याच्या पोराला पळण्याचे वेगळे शिक्षण नको, त्याचे पाय शेतानेच तयार केलेले असतात, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या बोलण्याला इतिहासाचा आधारही आहे. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा पाहताना सर दोराबजी टाटांना शेतात राबणारी पोरे अनवाणी पळताना दिसली. अन्न गरिबाचे, मैदान खडबडीत, आधुनिक शिक्षणाचा गंध नाही; आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत वेग असा की टाटा थक्क झाले. पुढे १९२९ साली एका पत्रात त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचे पथक गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन पळले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. ती मॅरेथॉन पाऊण कोसाचीही सवलत न देणारी, उलट नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची होती. पहिला आला तो फिनलंडचा कोलेमाइनेन; धंद्याने गवंडी आणि आहाराने शाकाहारी. चौगुल्यांपेक्षा तो अठरा मिनिटे पुढे होता. कष्टकरी तोही आणि कष्टकरी हेही. मधल्या अठरा मिनिटांत काय काय होते याचा विचार करताना मला पायांपेक्षा पाठीमागची व्यवस्था जास्त दिसते; तो आठ वर्षांपूर्वीच स्टॉकहोमला सुवर्णपदके जिंकून आलेला कसलेला गडी होता.

आपल्या डोळ्यांदेखतचे उदाहरण घ्या. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा अविनाश साबळे. आईबाप वीटभट्टीवर राबणारे; शाळेला सहा किलोमीटर पायी, बहुधा पळतच. पण हा मुलगा धावपटू झाला तो गावात नव्हे, सैन्यात. महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनचा बर्फ आणि राजस्थानची वाळू पाहून आला, आणि मग २०१५ साली सैन्याच्या क्रॉसकंट्रीत पळू लागला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तशीच दुष्काळी मातीतली. तिला रेल्वेची नोकरी आणि राष्ट्रीय शिबिर लाभले, आणि २०१६ साली रिओला ती स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर वैयक्तिक मैदानी धावेची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री.

पोरांना या दोघांच्या फेऱ्यांचे आकडे तोंडपाठ आहेत. त्यांच्या जेवणाची वेळ आणि झोपेचे तास कुणाला ठाऊक नाहीत. सैन्याने साबळ्याला पळायला शिकवले त्याआधी वेळेवर पोटभर जेवायला घातले आणि पळून आल्यावर म्हशीच्या धारा काढायला लावले नाही. माझे म्हणणे एवढेच, की शेताने पाय तयार होतात हे खरे, पण शेत आणि शर्यत ही दोन कामे एका अंगाने एकाच वेळी होत नाहीत. अंगाला एकच खाते असते. खुरपणीचे श्रम त्यातूनच जातात, परीक्षेची काळजी त्यातूनच जाते आणि फेऱ्याही त्यातूनच.

मुलींच्या बाबतीत तर हे खाते उघडतानाच तुटीचे असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी म्हणजे श्वासातला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचवणारी बैलगाडीच कमी. अशा मुलीने कितीही सराव केला तरी तिला दम लागणारच. आणि घरचे म्हणणार, हिच्यात जोर नाही. खाणे कमी आणि पळणे फार झाले की मासिक पाळी लांबते किंवा थांबते. आपल्याकडे आया ते लपवतात आणि मुलींना ती एक सोय वाटते. ती सोय नव्हे. शरीराने खर्च भागत नाही म्हणून लावलेले टाळे आहे. त्याचा पुढचा फटका हाडांना बसतो. ऑलिंपिक समितीच्या वैद्यक तज्ज्ञांनी २०१४ साली याविषयी सविस्तर निवेदन काढले, आणि त्यात पुरुषांनाही हा धोका असल्याचे बजावले.

बारामतीच्या लता करे यांची गोष्ट येथे आठवते. साठी ओलांडलेली मोलमजुरी करणारी बाई. दहा-बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून नऊवारीत मॅरेथॉनला उभी राहिली आणि आपल्या गटात पहिली आली. २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण मनात एक कुरूप विचार राहिलाच: दवाखान्याच्या खर्चासाठी म्हातारीला पळावे लागते, या गोष्टीत आपण फक्त पळणेच पाहिले.

धाराशिव जिल्ह्याला मात्र दमाचा हिशेब अगदीच अपरिचित नाही. नवरात्राच्या तोंडावर कुणी आमच्या रस्त्याला येऊन पाहावे. गावोगावच्या मंडळांची पोरे तुळजापूरहून भवानीची ज्योत घेऊन पळत निघतात, थेट आपल्या गावच्या घटापर्यंत. कुणाचे गाव वीस किलोमीटरवर, कुणाचे दोनशे. ज्योत थांबता कामा नये. पण माणूस थांबतो. मागून टेम्पो येत असतो. एकजण थोडे अंतर पळतो, ज्योत दुसऱ्याच्या हातात देतो आणि टेम्पोत जाऊन बसतो. कुणी पाणी देते, कुणी केळी. दमलेल्याला कुणी नामर्द म्हणत नाही. आणि कोजागरीच्या वेळी सोलापूरहून तुळजापूरपर्यंतचे सुमारे पंचेचाळीस किलोमीटर चालणारा तो अफाट जनसमुदाय! म्हातारी माणसे, पोरे, बायका, बहुतेक अनवाणी. वाटेत जागोजागी लोक चहा-फराळ घेऊन उभे. कुणी पायाला तेल लावून देतो. ज्यांना उन्हातान्हाची सवय आहे ते रमतगमत पोहोचतात. वर्षभर गादीवर बसून एका रात्रीत पुण्य गाठायला निघालेले व्यापारी दुसऱ्या दिवशी पायाला फोड आणून बसतात. देवी दोघांनाही पावते. डॉक्टरला मात्र दुसऱ्यालाच भेटावे लागते.

पाण्याचाही एक विचार सांगून टाकतो, कारण हल्ली टपरीवर बाटल्यांचे फार कौतुक चालते. बॉस्टनच्या २००२ सालच्या मॅरेथॉनमध्ये ज्यांचे रक्त तपासले त्यांपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तात सोडियम कमी झालेले आढळले. पळताना पाणी फार पिऊन वजन वाढलेल्यांत हे जास्त होते. तहान लागेल तसे प्यावे, लांब पल्ल्याला मिठाचा विचार करावा. सोळाशे मीटरच्या पोराला बाटली बरोबर नेण्याची गरजच नाही. त्याला सकाळी पळून आल्यावर नुसता चहा न पिता काहीतरी खाण्याची गरज आहे.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे येतो. डॉक्टरांचा कागद घेऊन मी त्याच्या घरी गेलो, कारण हा हिशेब त्याच्या एकट्याच्या वहीत जुळण्यासारखा नव्हता. वडील ओसरीवर बसले होते. आईने चहा ठेवला आणि माझ्याआधी तीच बोलली, "सर, पोरगं झोपतंय कवा ते इचारा की त्याला. रातच्याला दारं धरतंय, पहाटं पळतंय. म्या म्हनते मानूस हाय का इंजिन?" वडील गप्प होते. मग म्हणाले, "रातचं पानी म्या बघतो. गुडघं दुखतेत, पर बघतो." दोन वावरांपलीकडचे चुलतभाऊ तेथेच होते, एक आड एक रात्र दोघांनी वाटून घ्यावी असे ठरले. शेजारीपाजारी ज्योत पळवायला जातात, त्यापेक्षा हे काही फार निराळे नव्हते.

गावात एक सुभेदार निवृत्त होऊन आले आहेत. त्यांच्याशी त्याची गाठ घालून दिली. ते म्हणाले, पाय बरा झाला की पहिला महिनाभर गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळायचे. जीव तोडायचा तो आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. पोराला हे बायकी वाटले. मी त्याला न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डची हकीकत सांगितली. हा मनुष्य बुटांच्या कारखान्यात काम करी. आठशे मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललासुद्धा त्याने आठवड्याला शंभर-शंभर मैल संथ पळवले, आणि १९६० साली रोमला स्नेल आणि हॅलबर्ग या त्याच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके आणली. सुभेदारांचे ऐकायला पोर राजी नव्हते; रोमचे ऐकून राजी झाले. असो. आपल्याकडे शहाणपणाला परदेशाहून यावे लागते.

या सगळ्या बोलण्यात चुलीपुढे बसलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीकडे माझे लक्षच गेले नव्हते. चहाचे कप उचलायला आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, मी पण भरती देणार आहे. मला आठशेला चक्कर येते." ती साडेचारला उठून सगळ्यांच्या भाकरी थापते आणि मग उपाशीपोटी मैदानावर जाते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणाच्याच वहीत लिहिलेले नव्हते. तिचे रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.४ निघाले. आता तिच्या गोळ्या चालू आहेत. जेवणाला लागून चहा बंद झाला, कारण चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही; मोडाची मटकी, हरभरा, वर लिंबू आणि दिवसाआड अंडे, उकडलेले. नुसत्या गुळाने रक्त वाढते, ही आजीची समजूत मी मोडली नाही. गोळी चुकवू नको एवढेच सांगितले.

राहता राहिल्या पहाटेच्या भाकरी. पोराच्या पायाला दोन महिने सक्तीची विश्रांती होती, आणि बसून करण्याजोगे घरात तेवढेच एक काम होते. परवा पहाटे मी त्यांच्या घरावरून गेलो तेव्हा मुलगी, पोटात दूध-भाकरीचा काला घालून, सुभेदारांच्या मागे रस्त्याला लागली होती, आणि हा गडी लंगडा पाय पुढे पसरून परातीत पीठ मळत होता. आई दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, "या सर, चटनी-भाकर खाऊन जावा. गोल न्हाई जमत अजून, पर भाजती चांगली."